गुडघा आणि खांदा: कृत्रिम सांध्याचा निर्णय केव्हा आणि कसा घ्यावा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहिण्याचे ठरले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माजी विद्यार्थी एकत्र जमले की नोकरी, बदली, मुलांचे शिक्षण यांविषयी बोलून झाल्यावर गोष्ट आईवडिलांच्या प्रकृतीवर येते आणि त्यातही गुडघ्यांवर येऊन थांबते. "डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितली आहे, बदलावी का?" हा प्रश्न वैद्यकीय क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना वारंवार विचारला जातो. खांद्याविषयी विचारणारे फार थोडे. खांद्याचाही सांधा बदलता येतो, हेच अनेकांना ठाऊक नसते.

ज्यांनी आपणांस या वसतिगृहात आणून सोडले, त्या पिढीने आयुष्यभर अंगमेहनत केली. कापूस वेचणे, सोयाबीन सोंगणे, निंदण-खुरपण, डोक्यावरचे हंडे आणि मोळ्या, काहींच्या वाट्याला आलेली ऊसतोडणी, या साऱ्यांचा भार त्यांच्या सांध्यांनी वाहिला. त्या सांध्यांचे आज काय करावे, याचा निर्णय आता त्यांच्या शिकलेल्या मुलांपुढे आहे. तो घाईने होऊ नये आणि अज्ञानामुळे लांबणीवरही पडू नये, एवढ्यासाठी हा लेख.

गुडघा का झिजतो?

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी या तिघांच्या संयोगाने गुडघा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. मांडी आणि नडगी यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात, आणि बळकट अस्थिबंध सारा सांधा धरून ठेवतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती एकदा झिजली की पूर्ववत भरून येत नाही. झीज वाढत गेली की हाड हाडाला घासते, सांधा सुजतो, आखडतो, आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो. आपल्याकडे बहुतेकांच्या गुडघ्याची आतली बाजू आधी झिजते. वाढते वय, स्थूलता, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम ही त्याची प्रमुख कारणे होत. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते.

आमवात हा याहून निराळा आजार आहे. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सकाळी बोटे आणि मनगटे दीर्घकाळ ताठ राहणे व दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजणे ही त्याची लक्षणे. या आजारावर प्रभावी औषधे आहेत आणि ती वेळेवर सुरू केल्यास सांधे वाचतात. म्हणून दुखणे कोणते आहे याचे निदान आधी व्हावे. कधी कधी बिघाड खुब्यात असतो आणि वेदना मात्र गुडघ्यात जाणवते, हेही ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेआधी काय करून पाहावे?

झिजलेला प्रत्येक गुडघा बदलावा लागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देणारा नियमित व्यायाम आणि वजन कमी करणे, हे पहिले दोन उपाय. वजन १ किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे संशोधनात आढळले आहे. दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी धरल्यानेही पुष्कळ आराम पडतो.

वेदनाशामक गोळ्या मात्र जपून घ्याव्यात. दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्यांमुळे जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. गुडघ्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते, पण झीज भरून निघत नाही. असे इंजेक्शन घेतल्यावर सुमारे ३ महिने सांधेबदल टाळला जातो, कारण त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो.

या उपायांचे मोल किती, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासातून दिसते. शस्त्रक्रियेस पात्र असलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाचा गुडघा बदलून नंतर १२ आठवडे व्यायाम, आहार आणि मार्गदर्शन असा उपचार दिला. दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेवाचून तोच १२ आठवड्यांचा उपचार मिळाला. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना स्पष्टपणे अधिक कमी झाली होती, तथापि गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक होत्या. दुसऱ्या गटातील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली नव्हती. यावरून शस्त्रक्रियेची परिणामकारकता दिसते, आणि व्यायामाला पुरेसा अवधी दिल्यास अनेकांची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, हेही दिसते.

रात्रीची झोप मोडणारी वेदना, घराच्या पायऱ्या उतरता न येणे, चालण्याचे अंतर महिन्यागणिक घटत जाणे, पाय वाकडा होत जाणे आणि काही महिन्यांच्या नेटाच्या उपचारानेही फरक न पडणे, अशी स्थिती आली म्हणजे सांधा बदलण्याचा विचार करावा. केवळ एक्स-रे पाहून निर्णय होऊ नये. एक्स-रेत मोठी झीज असूनही शेतापर्यंत चालत जाणारी माणसे आहेत.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

'वाटी बदलणे' हा आपल्याकडचा रूढ शब्द थोडा फसवा आहे. वाटी बहुधा मूळचीच राहते. काही वेळा फक्त तिच्या आतल्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे आवरण बसवितात. सबंध गुडघाही काढून टाकत नाहीत. किडलेल्या दाताला टोपी बसवावी तसे हाडांच्या झिजलेल्या टोकांना नवे पृष्ठभाग दिले जातात.

बहुधा कमरेतून भूल देऊन गुडघ्यावर पुढून छेद घेतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांचा सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा थर मापाने कापतात. मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूचे कवच आणि नडगीवर धातूची तबकडी बसते. या दोहोंमध्ये अतिशय टिकाऊ पॉलिथिलीनची गादी असते. हे भाग बहुधा अस्थिसिमेंटने हाडाला जखडतात. शस्त्रक्रियेस साधारण एक ते दोन तास लागतात.

खरे कौशल्य दोन गोष्टींत असते. खुब्यापासून घोट्यापर्यंत पायाची रेषा नीट आली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंचे अस्थिबंध पाय वाकवताना व सरळ करताना सारखेच ताणलेले राहिले पाहिजेत. एक बाजू सैल राहिली तर गुडघा डगमगतो. अति घट्ट झाली तर वाकत नाही. संगणक आणि यंत्रमानव यांच्या साहाय्याने हाडाचे छेद अधिक अचूक घेता येतात, हे खरे. परंतु त्यामुळे रुग्णाला दीर्घकाळात निश्चित अधिक लाभ होतो, असे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. यंत्राची जाहिरात पाहण्यापेक्षा शल्यविशारद अशा शस्त्रक्रिया नियमितपणे करतात का, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर फक्त तेवढाच भाग बदलता येतो. तुलनेने तरुण रुग्णांत नडगीचे हाड छेदून पायाची रेषा सरळ करण्याचा पर्यायही असतो. त्यात मूळ सांधा कायम राहतो.

या शास्त्राची वाटचाल फार जुनी नाही. बर्लिनच्या थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंताचा गुडघा बसविण्याचा प्रयोग केला. पण संसर्गामुळे असे सांधे टिकले नाहीत. आजच्या गुडघ्याचा पूर्वज १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम बसविला गेला. तो घडविणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्यासह डॉ. चित्तरंजन राणावत हे भारतीय शल्यविशारदही होते. याच डॉ. राणावत यांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. त्या वेळी वाजपेयींचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. दोन्ही गुडघ्यांत काही महिन्यांचे अंतर ठेवले गेले, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. त्या बातम्यांमुळे ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात घरोघर माहीत झाली. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांची शरीरयष्टी आणि गरजा ध्यानी घेऊन 'इंडस' हा देशी बनावटीचा गुडघा विकसित केला.

फळ किती आणि किती काळ?

गुडघा किती वर्षे टिकेल, हा प्रत्येकाचा प्रश्न असतो. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदींवर आधारित, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. अंशतः बदललेल्यांत हे प्रमाण सुमारे ७० आहे.

वयाचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासानुसार सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या आरंभी गुडघा बदललेल्या पुरुषांत ती सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत जाते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, खर्चिक आणि कमी फलदायी असते. म्हणून पन्नाशीतील रुग्णाला डॉक्टरांनी थोडे थांबायला सांगितले तर त्यामागे कारण असते.

सांधा टिकणे आणि रुग्ण समाधानी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघा बदललेल्या पाचांपैकी साधारण एक जण पूर्णपणे समाधानी नसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. कोणाला थोडी वेदना राहते, कोणाचा गुडघा पुरेसा वाकत नाही, तर कोणाची अपेक्षाच वीस वर्षांपूर्वीच्या गुडघ्याची असते. साधारण शंभरात एकदोघांना जंतुसंसर्ग होतो. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे हा दुसरा गंभीर धोका असतो. या गोष्टी रुग्णाला आधी सांगितल्या गेल्या पाहिजेत.

मांडी घालून बसता येईल का?

आपल्या घरांत हा प्रश्न टाळता येत नाही. खुर्चीवरून उठण्यासाठी आणि पायऱ्या चढण्यासाठी गुडघा साधारण ९० ते १०० अंश वाकला म्हणजे पुरते. बदललेला गुडघा बहुधा ११० ते १२० अंश वाकतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यास मात्र १३० अंशांहून अधिक वाकणे लागते. काही रुग्णांना ते जमतेही, पण नव्या सांध्यावर पडणारा ताण पाहता बहुतेक शल्यविशारद ते टाळण्यास सांगतात.

म्हणून शस्त्रक्रियेआधीच घरात बदल करावे लागतात. कमोड किंवा कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी, योग्य उंचीचा पलंग आणि उभ्याने स्वयंपाकाचा ओटा ही व्यवस्था करावी. शेतातली उकिडवी कामे पुन्हा सुरू होणार नाहीत, हे घरातील साऱ्यांनी समजून घ्यावे. विहारातील वंदनेला ज्येष्ठ स्त्रीपुरुष खुर्चीवर बसले तर त्यात कोणी कमीपणा मानू नये. अशा खुर्च्या मागे भिंतीशी न ठेवता सर्वांच्या बरोबरीने ठेवणे हे विहाराच्या व्यवस्थापकांचे काम आहे.

खांदा: वेगळी रचना, वेगळा उपाय

गुडघा भार वाहतो, खांदा हाताला चौफेर फिरवितो. उथळ बशीला चेंडू टेकवावा तशी खांद्याची रचना असते. चेंडू निसटू नये म्हणून चार लहान स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन त्याला धरून ठेवते. हात वर उचलण्याचे बळ बाहेरच्या मोठ्या त्रिकोणी स्नायूकडून मिळते.

खांदा दुखला म्हणजे सांधा बदलावा लागेल, असे मुळीच नाही. मधुमेही रुग्णांत खांदा आखडण्याचा आजार पुष्कळ आढळतो. तो बहुधा औषधे आणि व्यायामाने, सावकाश का होईना, सुधारतो. सांधाबदल लागतो तो मुख्यतः तीन प्रसंगी: कूर्चा पूर्ण झिजल्यास, कंडरांचे वेष्टन फाटून ते दुरुस्तीपलीकडे गेल्यास, आणि वृद्धांत पडल्यामुळे दंडाच्या हाडाच्या माथ्याचे तुकडे झाल्यास. शेवटचा प्रसंग अंगणात वा न्हाणीघरात घसरलेल्या वृद्ध स्त्रियांवर येतो. अशा वेळी चोळणे, ओढणे किंवा बांबूच्या कामट्या बांधून घरी बसविणे यांत मोलाचे दिवस जातात. त्याच दिवशी एक्स-रे काढावा. यांतील अनेक अस्थिभंग झोळीत हात ठेवून भरून येतात, पण कोणते येतील ते तज्ज्ञच सांगू शकतो.

पॅरिसच्या ज्यूल पेआँ यांनी १८९३ साली क्षयाने नासलेल्या खांद्यात रबर आणि प्लॅटिनमचा सांधा बसविला. संसर्गामुळे तो दोन वर्षांनी काढावा लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या चार्ल्स नीर यांनी आधुनिक खांद्याचा पाया घातला. त्यांच्या पद्धतीने दंडाच्या हाडाला धातूचा नवा चेंडू बसवितात आणि आवश्यक तेव्हा बशीला प्लॅस्टिकचा पृष्ठभाग देतात. ही रचना नैसर्गिक असली तरी कंडरा शाबूत असतील तरच ती चालते.

कंडरा नष्ट झालेल्यांसाठी फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५च्या सुमारास एक वेगळीच युक्ती योजिली. त्यांनी रचना उलटी केली: चेंडू खवाट्याच्या हाडावर आणि बशी दंडाच्या हाडावर. त्यामुळे सांध्याचे फिरण्याचे केंद्र आत व खाली सरकते, त्रिकोणी स्नायूला अधिक तरफबळ मिळते आणि फाटलेल्या कंडरांवाचून हात पुन्हा वर जाऊ लागतो. या 'उलट्या' खांद्याने वेदना तर कमी होतेच, शिवाय ज्यांचा हात तोंडापर्यंत पोहोचत नव्हता ते स्वतः जेवू लागतात, केस विंचरू शकतात. पाठीमागे हात नेणे मात्र काहींना अवघडच राहते. डोक्यावरून ओझे वाहण्याचे काम पुन्हा करू नये. दहा वर्षांनंतर शंभरात नव्वदांहून अधिक बदललेले खांदे टिकून असल्याचे परदेशी नोंदी सांगतात. सांधा निखळणे, संसर्ग, मज्जातंतूला इजा आणि बशीकडचा भाग सैल होणे हे येथील धोके होत.

सिकलसेल असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे

विदर्भात आदिवासी समूहांप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल आजार पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. खुब्याचा माथा सर्वाधिक, आणि त्याखालोखाल खांद्याचा माथा, यामुळे ऐन तारुण्यात ढासळू शकतो. अशा विद्यार्थ्याच्या खांद्याचे किंवा खुब्याचे दुखणे 'खेळताना लागले असेल' म्हणून सोडून देऊ नये. एक्स-रेत काही दिसण्यापूर्वीच एमआरआय तपासणीत हा बिघाड कळतो.

अशा रुग्णांत सांधाबदल करता येतो, पण संसर्ग व अन्य गुंतागुंतींचा धोका अधिक असतो. भूल, रक्ताची तयारी, शरीरातील पाणी आणि प्राणवायूचे प्रमाण यांची विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि आजार असल्यास भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीला गती मिळाली आहे. तिचा लाभ वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावा.

खर्च आणि हक्क

पूर्वी गुडघ्याचा सांधा रुग्णाला मूळ खर्चाच्या कितीतरी पटींनी विकला जाई. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने त्याला कमाल दर ठरवून दिले. सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. तिला ५४,७२० रुपयांची मर्यादा आली. टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिरकोनियमच्या गुडघ्यास ७६,६०० रुपये आणि दुसऱ्यांदा बदलावयाच्या सांध्यास १,१३,९५० रुपये अशी मर्यादा होती. कर यावेगळे. हे दर पुढे वेळोवेळी सुधारले गेले आहेत. ही मर्यादा गुडघ्याच्या सांध्यापुरती आहे. शस्त्रक्रिया, खोली, औषधे यांचा आकार वेगळा असतो. म्हणून सांध्याची किंमत, कंपनी आणि तुकडी क्रमांक यांची स्वतंत्र नोंद बिलात मागावी आणि ते बिल जपून ठेवावे.

शेत गहाण टाकण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत आपली शस्त्रक्रिया बसते का, कोणत्या रुग्णालयात होते, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. अकोला, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. बुलडाण्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

आधीची तयारी, नंतरचा नेट

रक्तशर्करा आटोक्यात आणणे, तंबाखू, गुटखा व बिडी किमान महिनाभर आधी सोडणे, किडके दात, लघवीचा संसर्ग आणि पायांच्या भेगांतील जखमा यांवर आधी उपचार करणे, रक्तक्षय दूर करणे, ही तयारी संसर्गाचा धोका कमी करते. मांडीचे व्यायामही आधीपासूनच सुरू करावेत.

गुडघा बदलल्यावर त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करतात. त्यानंतरचे सहा आठवडे निर्णायक असतात. घोटे हलविणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच पलंगावरून सरकवीत गुडघा वाकवणे आणि तो पूर्ण सरळ करणे, हे व्यायाम दिवसातून अनेकदा करावे लागतात. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नये; त्याने गुडघा वाकलेलाच राहतो. खांदा बदलल्यावर मात्र पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवून सांगितलेल्या मर्यादेतच हलवावा लागतो. गावात फिजिओथेरपिस्ट नसतो, तेव्हा रुग्णालयातून निघण्यापूर्वी घरातील एका माणसाने हे व्यायाम नीट शिकून घ्यावेत. जखमेतून स्राव, ताप, पोटरीची सूज किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. वर्षांनंतरही सांधा अचानक सुजला तर केवळ गोळ्या घेऊन थांबू नये.

निर्णय कोणाचा?

आमच्या पाहण्यात दोन प्रकारची घरे येतात. एका घरात "वय झाले, दुखायचेच" असे म्हणून आईचे दुखणे वर्षानुवर्षे बाजूला सारले जाते. तिचे स्नायू इतके क्षीण होतात की पुढे शस्त्रक्रिया होऊनही ती फारशी चालू शकत नाही. दुसऱ्या घरात शहरात स्थिरावलेला मुलगा एका सुट्टीत येतो, आईला विचारल्यावाचून तारीख ठरवितो, आणि पंधरा दिवसांनी नोकरीवर परततो. मागे व्यायाम करून घेणारे कोणी नसते. दोन्ही घरांत तिचे म्हणणे कोणी ऐकून घेतलेले नसते.

आईला, वडिलांना विचारावे: तुम्हांला कोणती गोष्ट करता येत नाही, जी करावीशी वाटते? विहिरीपर्यंत जाणे, बाजाराला जाणे, नातवाला उचलून घेणे, रात्री शांत झोपणे, यांपैकी काय? ते उत्तर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना विचारावे, की या शस्त्रक्रियेने नेमके तेच साध्य होईल का, न झाल्यास काय, आणि सहा महिने थांबलो तर काय बिघडेल. शक्य असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. शिक्षणाने आपणांस प्रश्न विचारायला शिकविले आहे. ज्यांच्या कष्टांवर ते शिक्षण झाले, त्यांच्यासाठी रुग्णालयात ते प्रश्न विचारणे आणि नंतरचे सहा आठवडे त्यांच्याजवळ राहणे, एवढे प्रत्येक माजी विद्यार्थ्याला करता येण्याजोगे आहे.